विहिरीभोवतीचे दोनशे एकर

केंद्रीय भूजल मंडळाचा २०२४ चा गुणवत्ता अहवाल आला आणि आपल्याकडे एक वाद पेटला. देशात भूजलातल्या नायट्रेटने (खतातून, मैल्यातून पाण्यात उतरणाऱ्या नायट्रोजनच्या संयुगाने) सर्वाधिक ग्रासलेले जे पंधरा जिल्हे त्यात दिले होते, त्यातले सात महाराष्ट्रातले निघाले : वर्धा, बुलढाणा, अमरावती, यवतमाळ, जळगाव, बीड आणि नांदेड. राज्यातल्या जवळपास ३६ टक्के नमुन्यांत नायट्रेट मर्यादेपेक्षा जास्त. एवढे कळल्यावर पहिला प्रश्न पडायला हवा होता की या विहिरींचे पाणी आज कोण पिते आहे. तो बाजूलाच राहिला आणि लगेच दोन फळ्या पडल्या. एका फळीने शेतकऱ्याला धरले. खतांचा भडिमार करतात, जमीन नासवली, आता पाणीही नासवले, सगळ्यांनी विषमुक्त शेतीकडे वळा. दुसऱ्या फळीने उलट सवाल केला. मुळा-मुठा कोणी मारली? पंचगंगेत कोण काय सोडते? शहरांना आणि कारखान्यांना मोकळे सोडून कर्जात बुडालेल्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या युरियाच्या पोत्याकडे बोट दाखवायला लाज कशी वाटत नाही?

दोन्ही फळ्यांना आपापल्या गोटात टाळ्या मिळाल्या. विहीर मात्र कोणाच्याच बोलण्यात आली नाही.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. गावाच्या पिण्याच्या विहिरीत किंवा बोअरमध्ये ज्या जमिनीतून पाणी झिरपून येते, ती जमीन बाकीच्या शिवारापेक्षा वेगळी मानली पाहिजे. त्या तुकड्यात खत कधी, किती आणि कसे द्यायचे हे बदलले पाहिजे. आणि त्या बदलाचे पैसे शेतकऱ्याच्या खिशातून न जाता सार्वजनिक तिजोरीतून, म्हणजे पाणी पिणाऱ्यांच्या वतीने, दिले गेले पाहिजेत. सगळ्या महाराष्ट्राची शेती बदलायची गरज नाही. प्रत्येक गावातले शे-दोनशे एकर बदलायचे आहेत. हे अवघड आहे, पण ज्या प्रमाणात आपण त्यावर ओरडतो आहोत त्या प्रमाणात नाही.

उगमाशीच का अडवायचे, याचे कारण नायट्रेटच्या स्वभावात आहे. गावचा जलसुरक्षक विहिरीत टीसीएल (ब्लीचिंग) पावडर टाकतो, त्याने जंतू मरतात. नायट्रेटला काही होत नाही. तुरटीने गाळ बसतो, नायट्रेट विरघळलेलेच राहते. घरातली बाई बाळासाठी पाणी उकळून घेते, तेव्हा पाणी आटते आणि नायट्रेटचे प्रमाण उलट थोडे वाढते. रंग नाही, वास नाही, चव कळण्याजोगी नाही. आपल्या आजवरच्या सगळ्या घरगुती शहाणपणाला चुकवून जाणारा हा पदार्थ आहे. भारतीय मानकाने त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम ठरवली आहे. काही घटकांच्या बाबतीत दुसरा पर्यायी स्रोत नसेल तर मानक थोडी सूट देते, नायट्रेटला ती सूट नाही.

प्रकृतीच्या बाबतीत अतिशयोक्ती नको. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात हंटर कॉमली नावाच्या डॉक्टरने १९४५ मध्ये दाखवून दिले की शेतावरच्या विहिरीच्या पाण्यात कालवलेले दूध पिणारी काही तान्ही मुले निळी पडत होती, कारण नायट्रेटमुळे त्यांच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद घटत होती. आजच्या मर्यादा मुख्यतः या धोक्यावर बेतलेल्या आहेत. मोठ्या माणसांवर होणाऱ्या परिणामांचे पुरावे अजून जमा होत आहेत. डेन्मार्कमध्ये सुमारे २७ लाख प्रौढांच्या नोंदी तपासून २०१८ मध्ये आलेल्या अभ्यासात, मर्यादेच्या कितीतरी खालच्या नायट्रेटशीही मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा संबंध आढळला. संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे, हे मान्य. पण ज्या पाण्याला पर्याय नाही आणि जे जन्मभर प्यायचे आहे, त्याच्याबाबत शंकेचा फायदा कोणाला द्यायचा? पोत्याला की पोराला?

आता समोरच्या बाजूचे सगळ्यात भक्कम मुद्दे घेऊ. पहिला : नायट्रेट फक्त खतातून येत नाही. अगदी खरे. गावठाणातल्या विहिरीत ते शौचालयाच्या शोषखड्ड्यातून येते, गोठ्यातून येते, उकिरड्यातून येते, सांडपाण्याच्या उघड्या गटारातून येते. गेल्या दहा वर्षांत आपण घरोघरी शौचालये बांधली. ती बांधायलाच हवी होती, पण खडकाळ भागात विहिरीला खेटून खणलेल्या खड्ड्यांनी काय केले असेल याचा हिशेब कोणी मांडला नाही. तेव्हा एखाद्या गावातल्या नायट्रेटचा सगळा दोष युरियावर ढकलणे ही लबाडीच आहे. पण या मुद्द्यातून निष्कर्ष काय निघतो? शौचालये, गटारे आणि उकिरडे यांच्याकडे निदान कागदोपत्री तरी लक्ष आहे. वर्षातून दोनदा गावच्या स्रोतांचे स्वच्छता सर्वेक्षण होते. विहिरीच्या आसपास घाण आहे का, कठडा फुटला आहे का, हे पाहून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. त्या तपासणीत विहिरीला लागून असलेल्या वावरात जून महिन्यात काय पडते, हा प्रश्न नाही. नायट्रेटचे दोन रस्ते असतील आणि एकावर पहारेकरी बसवला असेल, तर दुसरा मोकळा ठेवण्याचे ते कारण कसे होऊ शकते?

दुसरा मुद्दा आणखी वजनदार आहे. वर्धा, यवतमाळ, अमरावती हे काही उसाचे जिल्हे नाहीत. इथे कोरडवाहू कापूस, सोयाबीन, तूर. पंजाब किंवा तेलंगणाच्या तुलनेत इथला शेतकरी एकरी खत कमी टाकतो. मग नायट्रेटच्या यादीत तो वर कसा? हा प्रश्न विचारणारे बहुतेक जण उत्तरासाठी थांबत नाहीत. 'म्हणजे खताचा संबंधच नाही' असे म्हणून मोकळे होतात. उत्तर साध्या गणितात आहे, जरा धीराने करून पाहू.

४५ मिलिग्रॅम नायट्रेटमध्ये नायट्रोजन असतो सुमारे १० मिलिग्रॅम. समजा एका हेक्टरमध्ये पावसाचे १०० मिलिमीटर पाणी खोल जिरले. ते झाले दहा लाख लिटर. एवढ्या पाण्याला मर्यादेपर्यंत नेऊन पोचवायला मुळांच्या खाली उतरलेला अवघा १० किलो नायट्रोजन पुरतो. युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे हेक्टरी २२ किलो युरिया. एकरी जेमतेम ९ किलो. ४५ किलोच्या पोत्याचा पाचवा हिस्सा! हा हिशेब ढोबळ आहे, वाटेत काही नायट्रोजन जमिनीतले जिवाणू हवेत परत पाठवतात. पण मुद्दा कळायला पुरेसा आहे. एकरी एकच पोते टाकणारा, त्यातला पाचवा हिस्सा पावसाने खाली गेलेला, असा शेतकरी कोणत्याही अर्थाने उधळ्या नाही. दिलेल्या नायट्रोजनपैकी निम्माही पिकाच्या अंगी लागत नाही, ही जगभरची सर्वसाधारण स्थिती आहे. त्या मानाने तो काटकसरीच म्हणायचा. तरीही त्याच्या वावराखालचे पाणी पिण्याच्या लायकीचे राहत नाही.

त्यात आपली जमीन आणि आपला खडक. उन्हाळ्यात काळ्या मातीला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मृगाचा पहिला जोरदार पाऊस त्या भेगांतून सरळ खाली उतरतो आणि उन्हाळाभर मातीत साठलेला नायट्रेट सोबत नेतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी चार पानांवर असते, तिची मुळे वीतभरही नसतात, अशा वेळी पहिला हप्ता पडतो; पुढच्या आठवड्यात धो धो पाऊस झाला की तोही गेला. खाली बेसाल्टचा खडक. त्यात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि चिरांत, एकूण खडकाच्या दोन-तीन टक्के जागेत. गंगेच्या खोऱ्यातल्या गाळासारखी शेकडो फूट जाड पाण्याची गादी इथे नाही. पाणीच थोडे, म्हणून थोडा नायट्रोजनही पुष्कळ होतो. शेतकऱ्याला दोष द्यावा असे यात फारसे काही नाही. पण दोष नाही म्हणून दुरुस्तीची गरज नाही, असे कुठे असते?

तिसरा मुद्दा शहरांचा आणि कारखान्यांचा. १९७४ चा जलप्रदूषण प्रतिबंध कायदा मोठ्या प्रमाणावर धाब्यावर बसवला जातो, पालिका न प्रक्रिया केलेले मैलापाणी नदीत सोडतात, हे सूर्यप्रकाशाइतके स्वच्छ आहे. त्यांच्यावर कारवाई झालीच पाहिजे. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या कोलाम आदिवासींच्या एखाद्या पोडावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, हातपंपात पंचगंगेचे पाणी येत नाही. पुण्याची मुठा उद्या निर्मळ झाली तरी त्या हातपंपातला नायट्रेट एका थेंबाने कमी होणार नाही. 'आधी ते, मग हे' हा युक्तिवाद शेतकऱ्याची बाजू घेतल्यासारखा दिसतो खरा, पण हातपंपाचे पाणी पिणारा शेतकरी आणि शेतमजूरच आहे. शहरातला माणूस धरणाचे पाणी पितो.

आणि शहराने आपले पाणी कसे राखले आहे ते बघा. मुंबईचा विहार तलाव १८६० मधला, तानसा धरण १८९२ मधले. विहार आणि तुळशी तलावांच्या भोवती आज बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान आहे, तानसाच्या भोवती अभयारण्य. मुंबईला पाणी देणाऱ्या या जुन्या तलावांचा पाणलोट बहुतांश जंगलात आहे, तिथे पोते फुटत नाही. स्रोताभोवतीची जमीन जपावी लागते हे शहाणपण या राज्यात सव्वाशे वर्षांहून जुने आहे. फक्त ते राजधानीपुरते वापरले गेले. त्याच तानसा आणि भातसा धरणांच्या शहापूर तालुक्यातल्या पाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हा त्याचा दुसरा आणि कुरूप भाग. शहराने स्रोत राखला तर ते दूरदर्शी नियोजन आणि गावाने राखायचे म्हटले तर तो शेतकऱ्यावर अन्याय, हे कसे काय?

गावांनीही हे पूर्वी केले आहे. नारू आठवतो का? आज पन्नाशीच्या आतल्या माणसाला तो ऐकूनच माहीत असेल. पायातून दोन-तीन फूट लांबीचा जंत बाहेर येई, महिनोन् महिने माणूस अंथरुणाला खिळे, तेही ऐन पेरणीत. नारूवर ना लस होती, ना औषध. रोगी पायऱ्यांच्या विहिरीत उतरला की जंताची पिल्ले पाण्यात, तिथून ती सायक्लॉप्स नावाच्या बारीक जिवात आणि ते पाणी पिणाऱ्याच्या पोटात. उपाय एकच होता : माणूस आणि पाणी यांच्यातला व्यवहार बदलणे. पायऱ्या बुजवल्या गेल्या, विहिरींवर रहाट बसले, पाणी गाळायची फडकी वाटली गेली, हातपंप आले. राष्ट्रीय कार्यक्रम १९८३-८४ मध्ये सुरू झाला, शेवटचा रुग्ण १९९६ मध्ये राजस्थानात सापडला आणि २००० मध्ये भारत नारूमुक्त जाहीर झाला. पायऱ्यांची विहीर म्हणजे गावाची रीत, वाडवडिलांनी बांधलेली, काही ठिकाणी देवाच्या नावाची. तिच्या पायऱ्या बुजवायला विरोध झाला नसेल असे नाही. पण 'आधी शहरातले रोग बरे करा' म्हणून कोणी नारू सांभाळत बसले नाही.

गंमत अशी की नारूपासून सुटका करणाऱ्या याच चळवळीने आपल्याला एक सवय लावली : खोल गेले की पाणी चांगले. हातपंपाच्या काळात ते बरोबर होते. त्याआधी १९७२ च्या दुष्काळाने दुसरी सवय लावली होती : पाणी किती आहे एवढेच मोजायचे. पाझर तलाव, नाला बांध, पुढे जलयुक्त शिवार, गावोगावच्या श्रमदानाच्या स्पर्धा. सगळ्यांचे माप टीसीएम (हजार घनमीटर पाणी) आणि भूजल पातळीचे मीटर. मी त्या कामांचा विरोधक नाही, त्यांनी अनेक गावांचे टँकर बंद केले. पण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणताना कुठले पाणी जिरवतो आहोत हे आपण विचारले नाही. गावच्या नळयोजनेची विहीर बहुतेकदा पाझर तलावाच्या खालच्या अंगाला किंवा नाल्याच्या काठी असते, कारण उन्हाळ्यापर्यंत पाणी तिथेच टिकते. म्हणजे वरच्या सगळ्या वावरांचा निचरा तिच्याकडेच. त्यावर कळस म्हणजे विहीर पुनर्भरण : शेतातून वाहणारे पाणी चारीने आणून, वाळू-गोट्यांच्या खड्ड्यातून गाळून थेट विहिरीत. वाळूने गाळ अडतो, नायट्रेट नाही, विरघळलेले कीटकनाशकही नाही. सिंचनाच्या विहिरीला हे चालून जाईल. पिण्याच्या विहिरीच्या शेजारी ते करणे म्हणजे मातीचा जो काही नैसर्गिक गाळणीचा थर होता, तोही वळसा घालून टाळणे.

कीटकनाशकांचा विषय ओघात आला म्हणून एवढेच : २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा चर्चा मास्कची आणि हातमोज्यांची झाली. फवारणीचा पंप कुठे भरला जातो आणि कुठे धुतला जातो, यावर कोणी बोलले नाही. तो भरला जातो पाणी असते तिथेच. हे बदलायला लाखोंचा खर्च नको. पिण्याच्या स्रोतापासून दूर एक टाकी आणि एक नळ पुरे.

'एवढा उपद्व्याप कशाला, गावात आरओ बसवा' असे म्हणणारा वर्ग मोठा आहे आणि त्याचे म्हणणे वरवर व्यवहारी वाटते. गावोगावी पाण्याचे एटीएम आहेतच. नाणे टाका, कॅन भरा. आरओ नायट्रेट काढते हेही खरे. पण काढलेला नायट्रेट जातो कुठे? यंत्राने नाकारलेल्या पाण्यात, आधीपेक्षा घट्ट होऊन, गटारात आणि फिरून जमिनीत. पडदा बदलायची वेळ आली की यंत्र महिनोन् महिने बंद, वीज गेली की बंद. आणि मुख्य म्हणजे कॅन विकत घेणारे घर आणि न घेणारे घर असे गावाचे दोन भाग होतात. मजुरीवर जगणाऱ्या घरातले तान्हे मूल कोणत्या भागात असेल हे सांगायला नको. जलजीवन मिशनने २०१९ पासून घरोघरी नळ नेला, माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचे ठरवले. त्या नळाचे पाणी भांडी धुवायला आणि पिण्याचे पाणी नाणे टाकून आणायचे, हीच व्यवस्था हवी होती तर एवढे खोदकाम कशासाठी केले?

सेंद्रियवाल्यांशीही माझे भांडण आहे, जरा प्रेमाचे. श्रीलंकेने २०२१ मध्ये रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली. भाताचे उत्पादन कोसळले, चहाला फटका बसला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी गुंडाळावी लागली. उपदेशाने आणि हुकमाने शेती बदलू पाहणाऱ्यांनी तो प्रसंग विसरू नये. शिवाय नायट्रेटला आपण शेणातून आलो की पोत्यातून, याची शुद्ध नसते. पावसाळ्याच्या तोंडावर विहिरीच्या वरच्या अंगाला पसरलेले दहा गाड्या कच्चे शेणखतही पाणी बिघडवू शकते. युरोपीय संघाचा १९९१ चा नायट्रेटविषयक निर्देश हेक्टरी १७० किलो नायट्रोजनची मर्यादा घालतो ती याच शेणखताच्या नायट्रोजनवर. रासायनिक की सेंद्रिय हा वाद पाण्याच्या दृष्टीने गौण आहे. पाण्याला एवढेच कळते की पिकाला हवे होते तेव्हा आणि तेवढे दिले की नाही.

मग शेतकरी तसे का देत नाही? इथे येते युरियाच्या किमतीची गोष्ट. ४५ किलोचे पोते २६६ रुपये ५० पैशांना मिळते; खऱ्या किमतीचा मोठा भाग केंद्र सरकार भरते. खतांवरचे एकूण अनुदान वर्षाला दीड लाख कोटी रुपयांच्या वर आहे. वर काढलेले एकरी ९ किलो युरिया वाया गेले तर शेतकऱ्याचे नुकसान होते फक्त ५३ रुपयांचे. ते ५३ रुपये वाचवण्यासाठी खत दोन हप्त्यांऐवजी चार हप्त्यांत द्यायचे, दर वेळी मजूर लावायचा, पावसाचा अंदाज घेत थांबायचे? कोणताही शहाणा माणूस हे करणार नाही. ज्याला आपण अडाणीपणा म्हणतो, तो चोख व्यवहार आहे. म्हणून शिबिरे, पत्रके आणि भिंतीवरची घोषवाक्ये यांनी काही होत नाही. पाण्याचे जे नुकसान पोत्याच्या किमतीत दिसत नाही, ते दुसऱ्या कुठल्यातरी किमतीत दिसले पाहिजे.

दंड लावून ते होईल का? आयोवातल्या डी मॉइन शहराने हा रस्ता चाचपून पाहिला. तिथल्या पाणीपुरवठा संस्थेला नायट्रेट काढण्यासाठी नव्वदच्या दशकापासून वेगळे यंत्र चालवावे लागते. वैतागून तिने २०१५ मध्ये वरच्या तीन काउंट्यांमधल्या शेत-निचरा मंडळांवर खटला भरला. २०१७ मध्ये तो फेटाळला गेला. शहर आणि शेतकरी यांच्यात कटुता तेवढी उरली. २०२५ च्या उन्हाळ्यात नद्यांतला नायट्रेट इतका चढला की त्या भागातल्या लोकांना हिरवळीला पाणी घालायचीही बंदी झाली. कॉमलीने निळी बाळे दाखवून दिली त्याच राज्यात, ऐंशी वर्षांनंतर.

न्यूयॉर्कची सुरुवातही वाईटच होती. १९९० मध्ये शहराने आपल्याला पाणी देणाऱ्या कॅट्सकिल डोंगरांच्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांसाठी कडक नियमांचा मसुदा काढला आणि डोंगरात बंड झाले. मग शहर वाटाघाटीला बसले. पाण्याचा गाळप प्रकल्प बांधायचा तर सहा ते आठ अब्ज डॉलर लागतील असा अंदाज होता. त्यापेक्षा शेतकऱ्यांना पैसे देणे स्वस्त होते. १९९७ च्या कराराने ते पक्के झाले. गोठ्यांची दुरुस्ती, शेणासाठी टाक्या, ओढ्याकाठी कुंपणे, सगळ्याचा भार शहराने उचलला, योजना शेतकऱ्यांच्याच मंडळाने आखल्या. तिथला प्रश्न मुख्यतः जंतूंचा आणि फॉस्फरसचा होता, नायट्रेटचा नव्हे. पण व्यवहाराचा नमुना तोच. म्युनिक शहर १९९२ पासून आपल्या पाणलोटातल्या शेतकऱ्यांना पद्धत बदलण्याचे पैसे देत आले आहे. फ्रान्समध्ये व्हिटेल या बाटलीबंद पाण्याच्या कंपनीला ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस झऱ्यातला नायट्रेट वाढताना दिसला, तेव्हा तिनेही वरच्या शेतकऱ्यांशी दीर्घ मुदतीचे करार केले, मका सोडायला लावला, भरपाई दिली. खासगी कंपनी धर्मादाय करत नव्हती. पाणी साफ करण्यापेक्षा ते बिघडू न देणे स्वस्त पडते, हे तिच्या हिशेबनिसांना कळले होते.

'ते श्रीमंत देश आहेत' हा आक्षेप अपेक्षित आहे. म्हणून आपल्याच कायद्यापासून सुरुवात करू. महाराष्ट्राने १९९३ मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल नियमनाचा कायदा केला, त्यात सार्वजनिक पाणीस्रोताच्या ५०० मीटर परिसरात नवी विहीर खणायला मनाई होती. म्हणजे गावाच्या तहानेपुढे खासगी जमिनीवरच्या हक्काला मर्यादा घालता येते, हे तत्त्व आपण तीस वर्षांपूर्वीच मान्य केले आहे. फक्त ते पाण्याच्या प्रमाणासाठी केले, गुणवत्तेसाठी नाही. तो नियम पाळला गेला का? गावोगावच्या बोअर मोजा म्हणजे कळेल. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार कोण करणार? नुसत्या मनाईने गावात वैर वाढते, पाणी वाढत नाही. ५०० मीटरचे वर्तुळ तेच ठेवा, पण त्यात मनाईच्या जागी मोबदला घाला.

वर्तुळ किती मोठे आहे? ७८ हेक्टर, म्हणजे १९४ एकर. शास्त्राने पाहिले तर वर्तुळ हा आकारच चुकीचा आहे. पाणी चढाच्या बाजूने येते, त्यामुळे खरे जपायचे क्षेत्र त्याच्या निम्मे, कुठे थोडे जास्त असेल. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेला ते आखून देता येते, तिच्यासाठी हे रोजचे काम आहे. त्या शंभर एकरांत एकरी ३,००० रुपये दिले तर वर्षाला तीन लाख होतात. सगळे वर्तुळ धरले तरी सहा लाखांच्या आत. हा दर मी धरलेला आहे, घासाघीस करायला मोकळा. पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून दिला होता. लहान गावाला तो पुरणार नाही, तिथे राज्याने भर घालावी. खतांवर दीड लाख कोटी खर्चणाऱ्या देशाला त्या खताचे पाण्यावरचे ओझे उतरवण्यासाठी यातला कणभर परवडणार नाही, हे पटण्यासारखे नाही.

त्या पैशांच्या बदल्यात मागायचे काय? पेरणीच्या वेळचा युरिया बंद, पुढचा छोट्या हप्त्यांनी आणि उघडीप पाहून. कपाशीत तुरीच्या ओळी, कारण तुरीची मुळे खोल जातात. सोयाबीन निघाल्यावर ओल असेल तर जमीन उघडी न ठेवता हरभरा, त्यालाही खताचे पोते न टाकता. नाल्याकडच्या धुऱ्यावर गवताचा पट्टा. विहिरीच्या वरच्या अंगाला उकिरडा नको आणि पंप धुणे नको. यातले एकही काम शेतकऱ्याला नवे नाही. डेन्मार्कने ऐंशीच्या दशकापासून असेच साधे उपाय सक्तीने आणि सातत्याने करून शेतातून झिरपणारा नायट्रोजन जवळपास निम्म्यावर आणला, तिथली शेती काही बुडाली नाही. फळ लगेच दिसणार नाही, हेही आधीच सांगून ठेवले पाहिजे. खडकाच्या चिरांत मुरलेला नायट्रेट बाहेर पडायला काही पावसाळे जातील. उथळ विहिरींत फरक लवकर दिसेल, खोल बोअरमध्ये उशिरा.

म्हणून मोजमाप गावाच्या हातात हवे. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच महिलांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवले आहे. त्या पेटीतून नायट्रेटचा ढोबळ अंदाज येतो, पक्का आकडा जिल्हा प्रयोगशाळा देते. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा आलेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवावा, कार्डाच्या रंगाइतकेच महत्त्व त्याला द्यावे. आज हा आकडा असतो संकेतस्थळावर, आणि बाळासाठी पाणी उकळणाऱ्या बाईला तो कोणी सांगितलेला नसतो.

या सगळ्यात मला खरी अडचण दिसते ती वेगळीच, आणि तिच्यावर दोन्ही फळ्या गप्प आहेत. विदर्भ-मराठवाड्यात मोठ्या प्रमाणावर जमीन ठोक्याने (ठरावीक रकमेवर) किंवा बटईने (पिकाच्या वाट्यावर) कसली जाते. सातबाऱ्यावर नाव एकाचे, तो कदाचित नागपुरात किंवा पुण्यात, नांगर दुसऱ्याचा. मोबदला सातबारा पाहून खात्यात जमा झाला तर पैसा मालकाला जाईल आणि हप्त्याहप्त्याने खत देण्याचे कष्ट ठोकेदाराच्या माथी. तो ते करणार नाही आणि त्याने का करावे? पीक विम्यापासून नुकसानभरपाईपर्यंत प्रत्येक योजनेत हेच झाले आहे. २०२१ पासून सुरू झालेल्या ई-पीक पाहणीत पीक कोणते हे नोंदवले जाते, ते कोणी लावले हे नाही. विहिरीभोवतीच्या वर्तुळापुरती तरी कसणाऱ्याची नोंद ग्रामसभेने तोंडी साक्षीवर करावी आणि पैसे त्याच्या नावे काढावेत. जमीनमालक याला विरोध करतील, कुळकायद्याची भीती त्यांच्या मनातून गेलेली नाही. एका हंगामाच्या नोंदीने कुळाचा हक्क लागणार नाही, असे शासन निर्णयात स्पष्ट लिहून द्यावे लागेल, आणि ते लिहिण्याची हिंमत कृषी खात्यापेक्षा महसूल खात्याला आधी दाखवावी लागेल.